तीन पाण्यांचं ताट

पहाटेच्या गारठ्यात भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून होडीत बसून रोहित पक्षी बघायला गेलेला पाहुणा नऊ-दहाच्या सुमारास परत किनाऱ्याला लागतो, तेव्हा त्याच्या पोटात कावळे ओरडत असतात. कॅमेरा पिशवीत जातो आणि पहिला प्रश्न येतो, "इथलं खास काय?" उत्तर ठरलेलं आहे: मासे. ताजे, आजच्या जाळ्यातले, भाकरीबरोबर. पाहुणा पोटभर जेवतो, ताटाचा फोटो काढतो, त्याखाली 'अस्सल पारंपरिक' असं लिहून चार जणांना पाठवतो आणि सोलापूर रस्त्याने पुण्याला परत निघतो.

त्यात खोटं काही नाही. फक्त एक साल ध्यानात ठेवावं. उजनीच्या धरणात भीमेचं पाणी अडलं ते १९८० साली. आज जिथे होडी चालते तिथे त्याआधी ज्वारी होती, विहिरी होत्या, जुनं पळसदेव होतं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की त्या गावचं देऊळ अजूनही वर येतं आणि लोक ते बघायला जातात. नदीत मासे होते, भोई ते धरत होते, पण मासळीची थाळी ही काही इंदापूर तालुक्याची ओळख नव्हती. आणि त्या थाळीत बहुतेक वेळा जी मासळी असते ती चिलापी, तिचं मूळ आफ्रिकेत आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत खाण्यासाठी हिंडायचं असेल तर हॉटेलांची यादी बाजूला ठेवावी आणि पाण्याचा नकाशा घ्यावा, असं माझं मत आहे. इथे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. या कोरड्या जमिनीवर तीन पाणी आली: आधी आभाळातलं, मग नीरेच्या कालव्याचं आणि शेवटी उजनीचं. प्रत्येक पाण्याने आपापलं अन्न आणलं. हॉटेलवाला तुमच्यापुढे शेवटच्या पाण्याचं ताट ठेवतो, कारण तेच सगळ्यात नवं आणि दिमाखाचं. पहिल्या पाण्याचं ताट तो दाखवतही नाही. का दाखवत नाही, ते पुढे सांगतो.

*

पहिलं पाणी आभाळातलं, पण हमरस्त्यावरून त्याचा मुलूख दिसत नाही. वालचंदनगर या कारखान्याच्या गावाला जायचं तर बारामतीहून इंदापूरचा रस्ता धरायचा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावं मागे पडतात आणि जंक्शन नावाचं गाव येतं. तिथून वळलं की वालचंदनगर. डोळ्यांना दिसतो तो ऊस; डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, मधून एखादी डाळिंबाची नाहीतर द्राक्षाची बाग. बोरीची द्राक्षं तर परदेशी जातात. परक्या माणसाला वाटावं की हा भाग असाच हिरवा जन्मला असेल.

पण रस्ता सोडून सुपे, शिरसुफळ किंवा कडबनवाडीकडे गेलं की जुना मुलूख भेटतो. उघडे माळ, खुरटं गवत, बाभळी, मेंढरांचे कळप. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, लहानसंच, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. कडबनवाडी आणि शिरसुफळच्या गवताळ माळांवर आता वनखात्याने सफारी सुरू केली आहे. लांडगा दिसावा म्हणून शहरातली माणसं पहाटे चारला उठून येतात. लांडगा दिसेल न दिसेल, पण त्या माळाचं अन्न खाल्ल्याशिवाय परत जाऊ नये.

ते अन्न म्हणजे बाजरी, हुलगा, मटकी आणि कारळे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच इथला हुलगा. फारशी मशागत मागत नाही, पाणी मागत नाही, हलक्या रानात येतो, बैलालाही चालतो आणि माणसालाही. हुलगे भाजून दळायचे. त्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं आणि एकेक गोळी दोन तळव्यांत वळून तिची वातीएवढी लांब वळी करायची, टोकं जुळवायची. ही झाली शेंगोळी. तोवर चुलीवर लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळत असतं, त्यात ती एकेक सोडायची. थोडं पीठ त्या पाण्यात कालवून घातलं की रस्सा आपोआप दाट होतो. तेल नाममात्र. शेंगोळी तोंडात घातली की आधी जरा रवाळ लागते, मग लसूण, मग हुलग्याची ती मातकट, भाजकी चव जी दुसऱ्या कशालाच येत नाही. थंडीत ती वाडग्यात घेऊन, बोटाने रस्सा ओढत खायची असते. चमचा दिलात तर कुणी नको म्हणणार नाही, पण चव कमी होते.

त्याच पिठाचं माडगं करतात. पातळ, गरम, कुणी गूळ घालतं, कुणी लसूण-मीठ. सर्दीपडशाला, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला. रात्री उशिरा शेतावरून आलेल्या माणसालाही तेच. भाकरी बाजरीची, तव्यावर पाणी फिरवून उलटलेली आणि मग थेट निखाऱ्यावर टेकवून फुगवलेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तिच्यावर तीळ थापले जातात आणि शेजारी वांगं, वालपापडी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे यांची मिसळभाजी येते. इथल्या अन्नाचा वर्षातला सर्वांत चांगला दिवस कोणता असं मला विचारलंत तर मी दिवाळी सांगणार नाही, भोगी सांगेन.

आता, हे हॉटेलात का मिळत नाही? रस्त्याच्या कडेला 'चुलीवरचं', 'गावरान', 'मळ्यातलं' अशा पाट्यांची रांग आहे. आत गेलं की पनीर आहे, काजू करी आहे, चिकन हंडी आहे. शेंगोळी विचारली तर पोऱ्या हसतो. हुलगा हे इथे गरिबीचं अन्न मानलं गेलं. पैसे देऊन कुणी घरचं दारिद्र्य खायला येत नाही, असा सरळ हिशोब. त्यामागे आठवणी आहेत. १९७२चा दुष्काळ या भागाने सोसला. रोजगाराच्या कामावर खडी फोडत सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापलेली माणसं अजून हयात आहेत. मिलोच्या भाकरीची चव विचारली की ती माणसं तोंड वाकडं करतात आणि विषय बदलतात. ज्याने टंचाई पाहिली त्याला पाहुण्यापुढे टंचाईचं अन्न ठेवावंसं वाटत नाही. पाहुण्याला गहू, तांदूळ, साखर, तेल. जे आपल्याकडे नव्हतं ते.

म्हणून शेंगोळी खायची तर कुणाच्या तरी घरी जावं लागतं किंवा कृषी पर्यटनाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं. हा कृषी पर्यटनाचा प्रकार महाराष्ट्रात रुजवण्यात बारामती तालुक्याचा वाटा मोठा आहे. पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास पळशीवाडीला शेतावरच्या मुक्कामाचा प्रयोग सुरू केला आणि शहरातला माणूस बैलगाडीत बसायला आणि पिठलं-भाकरी खायला पैसे मोजतो हे दाखवून दिलं. त्या वेळी ही कल्पना ऐकून हसणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या शेतावर आज हुरडा पार्टीचे फलक लागलेले आहेत. हुरड्याबद्दल मात्र एक सावधगिरी. कोवळ्या ज्वारीची कणसं शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचा तो हुरडा. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तो साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. दिवाळीतच हुरडा देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

*

दुसरं पाणी कालव्याचं. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळाने पुणे-सोलापूरचा हा पट्टा होरपळला. त्यानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे भाटघरच्या धरणाने त्याला पाणी पुरवलं. बारामती आणि इंदापुराच्या जिरायत रानातून पाट गेला. पाण्याची पाळी, चारी, फाटा हे शब्द घराघरांत बोलले जाऊ लागले. पुढे उसाने बाजरीला मागे सारलं.

वालचंदनगर या कालव्याचं लेकरू. वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या गुजराती बोलणाऱ्या दिगंबर जैन घराण्यातले. बोगदे, जहाजं, विमानं, मोटारी अशा सगळ्यांत हात घातलेला माणूस. कळंब गावाजवळच्या रानात त्यांनी उसाची शेती उभी केली आणि १९३०च्या दशकात साखर कारखाना आला. गावाला पुढे त्यांचंच नाव पडलं. साखरेच्या यंत्रांपासून सुरुवात करून इथला कारखाना अणुभट्ट्यांची यंत्रसामग्री आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं घडवू लागला. चांद्रयान-३ ज्या अग्निबाणावर बसून गेलं त्याचे काही भाग इथे तयार झालेले आहेत. त्याच वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणखी एक कारखाना काढला, तिथल्या गोळ्या माझ्या पिढीने शाळेच्या वाटेवर चघळल्या. 'पान पसंद'सह त्या गोळ्यांची नावं २०२४मध्ये २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेली. वालचंदनगरच्या नावाने मात्र अशी एखादी गोळी निघालेली मला ठाऊक नाही. इथली साखर पोत्यात भरली गेली आणि निघून गेली.

कारखान्याच्या गावाचं खाणं शेतकऱ्याच्या गावापेक्षा वेगळं असतं. ते भोंग्यावर चालतं. पाळी सुटायच्या वेळेला भज्यांचा घाणा निघालेला असला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक सायकलवरून पुढे गेलं. ठिकठिकाणचे फिटर, वेल्डर, टर्नर इथे आले, त्यांच्या बायकांनी एकमेकींच्या ओट्यावर बसून एकमेकींचे पदार्थ उचलले. शिवाय बारामती, इंदापूर, अकलूज, फलटण या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जैन घराणी आहेत. त्यांच्या घरी सूर्यास्ताआधी पानं वाढली जातात, कांदा-लसणाशिवायची आमटी होते, आणि कढी-खिचडीच्या शेजारी बाजरीची भाकरी असते. पाहुण्याने वालचंदनगरात काय खावं? जंक्शनच्या टपरीवर गुळाचा चहा आणि गरम कांदाभजी. यापलीकडे मी काही सुचवणार नाही. इथे फिरायचं ते खाण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी: माळावर उभं राहिलेलं हे गाव, त्याची आखीव वसाहत, जुनी झाडं.

खरं खाणं आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर आहे, आणि त्यासाठी दिवाळीनंतर यावं. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवणात उसाचीच चिपाडं जळत असतात. रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घातलं की मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. मग रस उकळून उकळून तांबूस होतो, बुडबुडे मोठे होतात, आणि गुळव्या, म्हणजे ज्याच्या अंदाजावर हे सगळं चालतं तो माणूस, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत फिरवून बघतो. गोळी वळली की काहील उतरवायची. त्याच्या थोडं आधी जो पातळ पाक काढून घेतात ती काकवी. काकवी गरम असताना ज्वारीच्या भाकरीवर ओतून खावी. तूप असेल तर तूपही. गुऱ्हाळावर कुणीही आलं तरी हातावर गरम गूळ ठेवायची रीत आहे, त्याला पैसे विचारत नाहीत. पण ढेप विकत घेताना बघून घ्या. पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ शहरातल्या माणसाला आवडतो आणि तो रंग पुष्कळदा हायड्रॉस या रसायनाची पूड घालून आणलेला असतो. काळपट, ओशट दिसणारा गूळ उचलावा.

या गुळाचं घरातलं रूप म्हणजे गुळवणी. सणाला पुरणपोळी झाली की दुसरीकडे दूध पुरतं किंवा तूप. इथे पोळी गुळवणीत बुडवायची असते. गुळाचं पाणी, वेलदोडा किंवा सुंठ, बस. शेजारी त्याच डाळीच्या कटाची झणझणीत आमटी. गोड आणि तिखट आळीपाळीने. आषाढात आखाड तळतात तेव्हा कापण्या होतात: कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवून, तीळ किंवा खसखस लावून लाटायची, शंकरपाळ्यासारखी कापायची आणि तळायची. आठ-पंधरा दिवस टिकतात. सासरी निघालेल्या मुलीच्या पिशवीत त्यांचा डबा असतोच. कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या कापण्या मला आजवर पटलेल्या नाहीत; साखर घातली की त्या शंकरपाळ्या होतात, कापण्या राहत नाहीत.

कालव्याच्या पाण्याने आणखी एक ताट आणलं, ते पाहुण्याला दिसतं पण कुणी वाढत नाही. दसरा झाला की बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. बाई पहाटे तीनला उठते, तीन विटांच्या चुलीवर भाकरी थापते, ठेचा कुटते, ते फडक्यात बांधून अंधारातच दोघं फडात जातात. दुपारी ती भाकरी गार आणि कडक झालेली असते. गावाकडून आणलेलं बाजरीचं पोतं हंगामाच्या मध्यापर्यंत पुरवायचं असतं. या तालुक्यांतल्या साखरेच्या प्रत्येक दाण्यामागे असं एक जेवण आहे. 'चुलीवरची भाकरी' या पाटीखाली दोनशे रुपयांची थाळी खाताना हे आठवलं की घास जरा अडतो. अडावा.

*

पारंपरिक म्हणजे किती जुनं, हा प्रश्न एकट्या भिगवणचा नाही. अलीकडे मराठी माणूस व्हिएतनामला फार जातो. हनोईच्या गल्लीत बुटक्या स्टुलावर बसून फोचा वाडगा हातात घेतलेले फोटो आता आपल्या ओळखीच्या चार घरांत तरी आलेले असतात. हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, तांदळाच्या शेवया, वरून हिरवा कोवळा पाला. तो पदार्थ युगानुयुगांचा वाटतो. प्रत्यक्षात फो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांच्या अमलात, उत्तर व्हिएतनामात आकाराला आला. फ्रेंचांना गोमांस हवं असे, त्यामुळे हाडं उरू लागली, आणि रस्सा आला. त्याच्या जन्मगावांत नाम दिन्हचं नाव घेतात. नाम दिन्ह हे कापडगिरणीचं गाव. गिरणीतले कामगार हे त्या वाडग्याचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. बान्ह मी या तिथल्या सँडविचचा पाव तर सरळच फ्रेंचांचा. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणून शोधायला जातो ते बऱ्याचदा परकी सत्ता, कारखाना आणि पोट यांच्या धक्काबुक्कीतून निघालेलं असतं. फरक इतकाच की त्यांनी त्याचं कौतुक केलं. २०१६मध्ये बराक ओबामा हनोईत एका साध्या दुकानात बुन चा हा तिथला पदार्थ खाऊन गेले, तर दुकानदाराने ते टेबल काचेत बंद करून जपून ठेवलं. बारामतीत मोठी माणसं जेवून गेलेली टेबलं काचेत ठेवायची म्हटलं तर गावात काच पुरायची नाही.

*

आता तिसरं पाणी. उजनीचा जलाशय एकशे सतरा टीएमसीचा. त्याचा फुगवटा भीमेच्या वरच्या अंगाला पसरत इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांत शिरला. कित्येक गावं उठली, वर येऊन पुन्हा वसली. ज्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली त्यांतल्या काहींनी त्याच पाण्यात जाळं टाकलं. गाळाने भरलेल्या उथळ काठावर पक्षी यायला लागले, पक्षी बघायला माणसं आली, आणि त्या माणसांच्या जेवणासाठी कोळ्यांच्या, भोयांच्या घरांतल्या बायकांनी ओसरीवर पानं मांडली. भिगवणचा मासळी बाजार वाढत गेला तसा महामार्गावरही मासळीची हॉटेलं उभी राहिली.

इथली मासळी कोकणातल्या माणसाने कोकण डोक्यात ठेवून खाऊ नये, निराशा होईल. ओला नारळ नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. हा घाटावरचा मासा: हळद, मीठ, भरपूर लसूण, कांदा-लसूण मसाला, लोखंडी तव्यावर थोड्याशा तेलात कडक केलेला. रस्सा पातळ, लालजर्द, वर तवंग. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजून वाटलेला. त्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायची. मटणाचा रस्सा करायची जी रीत होती, तीच बायकांनी माशाला लावली. म्हणून मासा नवा असला तरी मसाला जुना आहे, आणि तो पहिल्या पाण्याचा, माळावरचा आहे. मला या ताटातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

काय मागवावं? मरळ मिळाली तर मरळ. काटे कमी, मांस घट्ट, महाग. वाम सापासारखी दिसते म्हणून शहरी पाहुणा दचकतो, पण तिचे गोल तुकडे रश्श्यात घातले की रस्सा असा काही दाट आणि चिकट होतो की भाकरी कमी पडते. कटला आणि रोहू सगळीकडे मिळतात. डोकं टाकू नये, कटल्याचं डोकं रश्श्यात घालायला सांगावं. आणि चिलापी. स्वस्त, काटेरी, कडक तळली की झकास. चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. काहीही खाते, कुठेही वाढते, आणि उजनीत तिने इतका जम बसवला की नदीतल्या जुन्या जातींना जागा कमी पडली. ज्या पदार्थाने काठावरची चूल पेटती ठेवली त्यानेच नदी गरीब केली, असा हा गुंता आहे. कोळ्याला हे माहीत असतं. तो चिलापीला शिव्याही देतो आणि तिच्यावर जगतोही.

जाण्याची वेळ सकाळची. जाळी पहाटे निघतात. कुंभारगावात किंवा डिकसळच्या बाजूला होडीत बसायच्या आधीच जेवणाचं सांगून जावं, म्हणजे परत येईपर्यंत तवा तापलेला असतो. महामार्गावरच्या झगमगीत हॉटेलात तेच मासे मिळतात, पण तिथे रंग घातलेला लालभडक मसाला आणि कॉर्नफ्लोअरचं कवच. मासा कमी, कवच जास्त.

मटणाचं दोन ओळींत आटोपतो. मेंढपाळांच्या या मुलखात मटण चांगलं मिळतंच, पण रस्त्यावरची बहुतेक हॉटेलं आता कोल्हापूरची नक्कल करतात. अळणी रस्सा, म्हणजे हळद-मीठ-लसणाचं उकळीचं पाणी, मागून बघा. तो चांगला असेल तर पुढचं सगळं चांगलं असेल. नसेल तर पिठलं सांगा. गावची जत्रा साधली तर उत्तम, पहिला दिवस पोळीच्या नैवेद्याचा, दुसरा कुस्त्यांचा आणि मटणाचा. त्या दिवशी अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही.

कारण पाहुण्याला जेवू घालायची इथली सवय पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे. दर वर्षी आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरला मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीहून नीरा ओलांडून ती अकलूजला जाते. लाखभर माणसं या एकाच रस्त्याने चालतात आणि वाटेत उपाशी राहत नाहीत. बारामतीच्या अलीकडे, दौंड तालुक्यात यवतचं पिठलं-भाकरी वारीत प्रसिद्धच आहे: गाव भाकरी थापतं आणि देवळात मोठ्या काहिलींत पिठलं शिजतं. इथल्या गावांत कुणी चपाती-आमटी करतं, कुणी लाडू, कुणी नुसता चहा. दारिद्र्याचं म्हणून जे साधं अन्न हॉटेलवाला मागे ठेवतो, तेच इथे प्रसाद म्हणून हात जोडून वाढलं जातं. ज्याला या तालुक्यांचं खरं जेवण हवं आहे त्याने त्या दिवसांत, गाडी घरी ठेवून, निदान बारामती ते सणसर एवढं चालावं. ताट कोणतं मिळेल ते सांगता येत नाही. निवड करायची सोय नाही.

निमगाव केतकीला मात्र एरवीही थांबा. हे विड्याच्या पानांचं गाव. शेवरी-शेवग्यावर चढलेले नागवेलीचे पानमळे, आत दमट सावली, आणि मळ्यात चप्पल घालून जायचं नाही ही जुनी रीत. पानाला बारमाही ओल लागते, म्हणजे तेही कालव्याचंच देणं. पानं खुडण्याची मजुरी परवडत नाही म्हणून मळे कमी होताहेत, त्यामुळे बघायचे तर लवकर बघा. पान घेताना गुलकंद, चेरी, चांदीचा वर्ख असला प्रकार मागू नका. कोवळं पान, चुना, कात, सुपारीची खांड, बडीशेप. मासे खाऊन आला असाल तर दोन घ्या. आणि गुऱ्हाळावरून उचललेली ढेप गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली असेल तर ती आधी सावलीत घ्या, कारण काळा गूळ दुपारपर्यंत पाझरायला लागतो आणि सतरंजीला लागला की चार धुण्यांत निघत नाही.